खरखर गाळण्याआधी : भिवपुरीची वीज, लेथचे स्पिंडल आणि पुराव्याची शिस्त

१.
आजचा धागा किल्ल्यांचा नाही आणि ताम्रपटांचाही नाही. तो एका साध्या आकड्याचा आहे. फिरणारा दांडा मिनिटाला किती फेरे घेतो, हा तो आकडा. तो मोजताना त्यात खरखर मिसळते. कारखान्यात तिला ‘नॉइज’ म्हणतात. ती घालवण्याच्या घाईत आपण अनेकदा पुरावाच पुसून टाकतो, असे माझे मत आहे. ही चूक यंत्रशाळेत होते आणि इतिहासलेखनातही होते. हे मत पटवून देण्यासाठी तुम्हाला रायगडातल्या भिवपुरीला न्यावे लागेल.

२.
कर्जत लोकलने जाताना नेरळनंतर भिवपुरी रोड स्थानक लागते. वीजगृह मात्र स्थानकापाशी नाही. ते बरेच आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. वर मावळात आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण आहे. त्याचे पाणी डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यातून आणि पुढे पोलादी दाबनळांतून कोकणात उतरते. आंद्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी १९१६ साली स्थापन झाली आणि १९२२ साली भिवपुरीची वीज सुरू झाली. खोपोली १९१५ आणि भिरा १९२७. टाटांच्या या तीन जलविद्युत केंद्रांतले भिवपुरी हे मधले भावंड. वीज निर्माण करून झाल्यावर हेच पाणी पेज नदीवाटे उल्हासकडे जाते.

३.
एवढ्या उंचीवरून येणाऱ्या पाण्यासाठी पेल्टन चाक वापरतात. चाकाच्या परिघावर वाट्या असतात, त्यांवर पाण्याचा झोत आदळतो आणि चाक फिरते. त्याच दांड्यावर जनित्र असते. जनित्राच्या फेऱ्यांवर विजेची वारंवारता ठरते. हिशेब सोपा आहे: वारंवारतेला १२० ने गुणा आणि जनित्राच्या ध्रुवसंख्येने भागा. सेकंदाला ५० आवर्तने हवी असतील आणि जनित्राला २० ध्रुव असतील, तर दांड्याने मिनिटाला बरोबर ३०० फेरे घेतले पाहिजेत. २९० नव्हे आणि ३१० नव्हे.

४.
आता मुंबईच्या गिरणगावाकडे पाहा. या जलविद्युत केंद्रांची वीज प्रथम गिरण्यांच्या उपयोगी पडली. वाफेच्या इंजिनाच्या जागी वीजमोटर आली. मोटरीचा वेग वारंवारतेवर ठरतो आणि सूत कातणाऱ्या चातीचा वेग मोटरीवर. ‘स्पिंडल’ या शब्दाला मराठीत जुना, घरगुती प्रतिशब्द ‘चाती’ हाच आहे. म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याशी फिरणारे चाक आणि परळ-लालबागमध्ये फिरणारी चाती एका अदृश्य सुताने बांधल्या गेल्या होत्या. एकीचा वेग ढळला की दुसरीचाही ढळणार. म्हणून वेग मोजणे ही वीजगृहात चैन नव्हती, ते पहिले कर्तव्य होते.

५.
त्यात धोकाही होता. मुंबईकडील भार अचानक तुटला तर चाकावरचे ओझे जाते, पण पाण्याचा झोत तसाच राहतो. अशा वेळी पेल्टन चाक नेहमीच्या पावणेदोनपट किंवा त्याहून अधिक वेगाकडे झेपावते. झोत एकदम बंदही करता येत नाही. लांब दाबनळातले धावते पाणी थांबवले तर त्याचा आघात नळ फोडू शकतो. म्हणून आधी एक पत्रा आडवा येऊन झोत चाकापासून बाजूला वळवतो आणि मग तोटी सावकाश मिटते. हे सारे ठरवणारे यंत्र म्हणजे गव्हर्नर, आणि गव्हर्नरचा डोळा म्हणजे वेगाची मोजणी.

६.
गव्हर्नरची कथा जुनी आहे. पवनचक्क्यांत वापरली जाणारी फिरत्या गोळ्यांची युक्ती जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला लावली. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफेची झडप मिटू लागते. पण गोळे फारच तत्पर असले तर यंत्र अस्थिर होते. वेग थोडा वाढला की झडप जास्त मिटते, मग वेग घटतो, मग झडप जास्त उघडते. या हेलकाव्यांना अभियंते ‘हंटिंग’ म्हणतात. जेम्स क्लर्क मॅक्सवेलने १८६८ साली गव्हर्नरवरच्या निबंधात या अस्थिरतेचे गणित मांडले.

७.
उपाय म्हणून गव्हर्नरला तेलाचा डॅशपॉट जोडत. तो क्षुल्लक थरथर गिळतो आणि खरा बदल पुढे जाऊ देतो. पण तेल फार घट्ट असेल तर खरा बदलही उशिरा कळतो आणि तोवर चाक पळालेले असते. या एका उदाहरणात आजच्या धाग्याचा सारा पेच आहे. प्रत्येक थरथरीला प्रतिसाद देणारे यंत्र वेडे होते आणि प्रत्येक थरथर गिळणारे यंत्र आंधळे होते. यांतली सीमा कोठे आखायची, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. आपण कशाला पुरावा मानतो आणि कशाला गोंगाट मानतो, याचा तो प्रश्न आहे.

८.
आता भिवपुरीहून थोडे दक्षिणेला, खालापूर तालुक्यात या. माझ्या मामांची तिथे एक छोटी यंत्रशाळा आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, चार माणसे. मी आधुनिक महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासावर प्रबंध लिहीत असल्याने सुट्टीत तिथे बसून टिपणे काढते. जुन्या लेथला मामांनी व्हीएफडी बसवून घेतला होता, म्हणजे मोटरीचा वेग कमी-जास्त करणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र. स्पिंडलच्या पुलीवर एक बोल्ट, त्याच्यासमोर प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि वर आकडे दाखवणारा डिस्प्ले. बोल्ट समोरून गेला की एक स्पंद, म्हणजे एक फेरा.

९.
वेग ठेवला होता ६००. डिस्प्ले मात्र ५९८, ६१२, ११८०, ५४०, ६०४ असा नाचत होता. एका तरुण इलेक्ट्रिशियनने येऊन सेटिंग बदलले: आता दर दहा सेकंदांची सरासरी दिसेल. आकडा ६०० वर स्थिर झाला. सारे समाधानी झाले. फक्त वयस्कर टर्नरकाका म्हणाले, “ताई, आकडा शांत झाला म्हणून मशीन शांत झालं असं नसतं.” मी ते वाक्य वहीत लिहून घेतले. खरे सांगायचे तर तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

१०.
तीन आठवड्यांनी जाड काप घेताना स्पिंडल क्षणभर अडकले आणि कार्बाइडच्या हत्याराचे टोक फुटले. त्याचा कण टर्नरकाकांच्या गॉगलवर आदळला. गॉगल होता म्हणून डोळा वाचला. डिस्प्ले त्या क्षणापर्यंत ६०० दाखवत होता. आकडा चुकीचा होता असे म्हणणेही कठीण होते. सरासरी तर बरोबर आली होती. मग नेमके काय चुकले?

११.
आम्ही सरासरी काढून टाकली आणि सेन्सरचे कच्चे स्पंद लॅपटॉपवर नोंदवून घेतले. त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या होत्या. पहिली: व्हीएफडीच्या स्विचिंगमुळे सेन्सरच्या तारेत शिरणारे खोटे स्पंद. त्यांनी आकडा वर जात होता. दुसरी: काप सुरू असताना सैल पट्टा पुलीवर घसरत होता. त्याने आकडा खाली जात होता, आणि ती घसरण खरी होती. एका नोंदीत दहा सेकंदांत खरे फेरे ९४ आणि खोटे स्पंद ६ निघाले. बेरीज १००. मिनिटाच्या हिशेबाने बरोबर ६००. एका खोट्याने एका खऱ्याला झाकले आणि दोघांच्या मिश्रणाला आम्ही ‘स्थिर वेग’ म्हणत होतो.

१२.
इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे दृश्य परके नाही. एक बखर सैन्याचा आकडा फुगवते, दुसरे पत्र तो दडवते. आपण दोहोंची सरासरी काढून ‘सुमारे इतके’ असे लिहितो आणि सुटकेचा नि:श्वास टाकतो. पण फुगवणाऱ्याचे कारण वेगळे आणि दडवणाऱ्याचे कारण वेगळे. दोन वेगळ्या कारणांच्या चुकांची सरासरी सत्याजवळ पोहोचलीच तर तो योगायोग असतो. तिच्यावर पुढचा काप घेणे धोक्याचे.

१३.
म्हणून माझे म्हणणे असे: खरखर गाळण्याआधी तिचा उगम शोधावा. गाळणे ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. यंत्रशाळेत हा क्रम कसा चालतो ते पुढे सांगते. तंत्रज्ञांना यातले बरेचसे ठाऊक असेल. इतिहासप्रेमींनी आपल्या कामाशी ताडून पाहावे.

१४.
पहिली पायरी, साक्षीदार कोठे उभा आहे ते पाहणे. सेन्सरची पट्टी सैल असेल तर मशीनबरोबर सेन्सरही थरथरतो आणि त्या थरथरीची नोंद स्पिंडलच्या नावावर पडते. बोल्ट आणि सेन्सर यांच्यातले अंतर फार असेल तर स्पंद अशक्त होतो आणि किरकोळ खरखरही त्याच्या तोडीची वाटू लागते. पट्टी घट्ट करणे आणि अंतर बेताचे ठेवणे, या दोन फुकटच्या उपायांनी पुष्कळ कटकट जाते. साधनाची चिकित्सा आधी, मजकुराची नंतर; आपल्या शास्त्रातला बाह्य चिकित्सेचा नियम हाच नाही का?

१५.
दुसरी पायरी, निरोप कोणत्या वाटेने येतो ते पाहणे. आमच्याकडे सेन्सरची बारीक तार आणि मोटरीची जाड केबल एकाच पाइपातून नेली होती. मोटरीच्या केबलमधला प्रवाह क्षणोक्षणी तुटतो-जुळतो आणि शेजारच्या तारेत आपली छाया पाडतो. उपाय: दोन्ही वाटा वेगळ्या करणे, त्या एकमेकींना छेदणारच असतील तर काटकोनात छेदू देणे, आणि सेन्सरला पीळ दिलेल्या तारांची शील्डेड केबल वापरणे. पीळ दिल्याने दोन्ही तारांत सारखीच खरखर शिरते आणि त्यांच्यातला फरक घेतला की ती वजा होते. ही कल्पना नवी नाही; टेलिफोनच्या तारांसाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ साली पीळ दिलेल्या जोडतारेचे पेटंट घेतले होते.

१६.
इथेच अर्थिंगचा प्रश्न येतो. अशा छोट्या सेन्सरच्या केबलचे शील्ड सहसा एकाच टोकाला, पॅनेलच्या बाजूला अर्थ करतात. दोन्ही टोके जोडली आणि दोन ठिकाणच्या जमिनीचा विद्युत्दाब किंचित वेगळा असला, तर शील्डमधूनच प्रवाह वाहू लागतो. संरक्षणासाठी नेमलेला पहारेकरी स्वतःच घरभेद्या होतो. मोटरीच्या केबलचा नियम उलट आहे: व्हीएफडीपासून मोटरीपर्यंत तिचे शील्ड दोन्ही टोकांना नीट जोडलेले असावे, म्हणजे खरखर ज्या घरात जन्मली त्याच घरात परत जाते.

१७.
तिसरी पायरी मला सर्वांत आवडते. ओटो श्मिट हा अमेरिकन विद्यार्थी १९३४च्या सुमारास माखलीच्या जातीतल्या स्क्विड या प्राण्याच्या मज्जातंतूंतून संदेश कसा जातो याचा अभ्यास करीत होता. त्यातून त्याला एका विद्युत्-मंडलाची कल्पना सुचली. १९३८ साली ती प्रसिद्ध झाली. आज तिला श्मिट ट्रिगर म्हणतात. त्यात एक नव्हे, दोन उंबरठे असतात. समजा, दाब ३ व्होल्टच्या वर गेला तरच ‘आला’ म्हणायचे आणि २ व्होल्टच्या खाली उतरला तरच ‘गेला’ म्हणायचे. मधल्या पट्ट्यात कितीही थरथर झाली तरी मत बदलायचे नाही.

१८.
एकच उंबरठा असता तर त्या रेषेवर घुटमळणारा प्रत्येक संकेत ‘आला-गेला-आला-गेला’ असे दहा खोटे स्पंद देता. दोन उंबरठ्यांमुळे मत बनवायला भक्कम पुरावा लागतो आणि मत बदलायलाही तितकाच भक्कम पुरावा लागतो. गव्हर्नरच्या डॅशपॉटचे हे धाकटे, अधिक चतुर भावंड. नवे पत्र सापडले की लगेच जुना इतिहास खोटा ठरवणाऱ्या आपल्या समाजमाध्यमी उत्साहालाही असे दोन उंबरठे हवेत. मात्र ते ओलांडले गेले की मत बदलण्याचे धैर्यही हवे.

१९.
चौथी पायरी, शक्याशक्यतेची. आमच्या लेथचा कमाल वेग २००० फेरे. फेऱ्याला एक स्पंद, म्हणजे दोन स्पंदांमध्ये किमान ३० मिलिसेकंद जाणारच. त्याहून फार लवकर, समजा २० मिलिसेकंदांच्या आत आलेला स्पंद निःसंकोच नाकारावा. पण ६०० फेऱ्यांवर चालताना अर्ध्या वाटेत, ५० मिलिसेकंदांनी आलेला खोटा स्पंद या चाळणीतून सुटतो, कारण १२०० हा वेग अशक्य नाही. तिथे दुसरा प्रश्न विचारायचा: एवढे जड चक एका फेऱ्यात दुप्पट वेग घेईल का? घेणार नाही. म्हणजे आकडा सुटा पाहून चालत नाही. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांशी त्याचे नाते जुळावे लागते.

२०.
पाचवी पायरी, मोजण्याची रीत. फेऱ्याला एकच स्पंद आणि मोजणीचा काळ एक सेकंद असेल तर एका स्पंदाची चूक म्हणजे मिनिटाला ६० फेऱ्यांची चूक. ६०० मध्ये ६०! ही खरखर नव्हेच, हा मोजपट्टीचा जाडेपणा आहे. उपाय दोन. एक, स्पंद मोजण्याऐवजी दोन स्पंदांमधला वेळ मोजणे. दोन, पुलीवर एका बोल्टऐवजी ६० दातांचे चाक बसवणे. मग सेकंदाला जितके स्पंद, तितकेच मिनिटाला फेरे. गुणाकारही करावा लागत नाही. टर्बाइनचा वेग मोजताना ६० दातांचे चाक म्हणूनच लोकप्रिय आहे.

२१.
दात कापताना थोडे कमी-जास्त झाले तर प्रत्येक फेऱ्यात तोच चढउतार पुन्हा दिसतो. इथे मात्र सरासरी घ्यावी, आणि ती बरोबर एका पूर्ण फेऱ्याची घ्यावी. दातांची असमानता पुसली जाते, पट्ट्याची घसरण पुसली जात नाही. सरासरीला माझा विरोध नाही, हे यावरून ध्यानात यावे. कारण माहीत असताना, त्या कारणापुरती घेतलेली सरासरी हे ज्ञान आहे. कारण न शोधता, आकडा शांत दिसावा म्हणून घेतलेली सरासरी ही झोपेची गोळी आहे.

२२.
या पायऱ्या चढल्यावर आमच्या डिस्प्लेवरचा ११८० नाहीसा झाला. ५४० मात्र राहिला. काप घेताना तो पुन्हा पुन्हा दिसू लागला. मग पट्टा बदलला आणि तोही गेला. ज्याला आम्ही तीन आठवडे खरखर समजत होतो, त्याचा अर्धा भाग म्हणजे झिजलेल्या पट्ट्याची तक्रार होती. मराठीत ‘आवाज’ हा शब्द गोंगाटालाही चालतो आणि एखाद्याच्या म्हणण्यालाही. भाषेला हा घोटाळा आधीच ठाऊक होता म्हणायचे.

२३.
आता पुन्हा भिवपुरी. जी ५० आवर्तने तिथे प्राणपणाने जपली जातात, तीच खालापूरच्या यंत्रशाळेत सेन्सरच्या तारेत शिरली की ‘हम’ ठरतात, गुणगुण ठरतात. वीजगृहाचा संकेत तो यंत्रशाळेची खरखर. चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते; तिच्या उजेडात तीन जॉचे चक २००० फेऱ्यांनी फिरताना स्थिर असल्याचा भास होऊ शकतो, कारण तेही सेकंदाला १०० वेळा तेच रूप दाखवते. चार जॉच्या चकाला तोच भास १५०० वर. अशा भासाने हात पुढे करणारा कामगार जायबंदी होऊ शकतो. म्हणून यंत्रशाळेत मशीनजवळ वेगळा, न लुकलुकणारा दिवा लावतात.

२४.
पण त्याच लुकलुकीने पूर्वी घरोघरी ग्रामोफोनचा वेग तपासला जाई. ५० आवर्तनांच्या विजेवर ७७ रेघांची चकती स्थिर दिसली की तबकडी मिनिटाला ७७.९२, म्हणजे जवळजवळ ७८ फेरे घेते आहे असे समजायचे. सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रणाचा वेग सर्वत्र नेमका ७८ नव्हता. वेगात जवळजवळ सहा टक्के फरक पडला तर सूर एका पट्टीने सरकतो; काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गातो आहे असे वाटते. जुन्या तबकड्या ऐकून गायकाची पट्टी ठरवणाऱ्या अभ्यासकाला फेऱ्यांचा हिशेब चुकवून चालत नाही.

२५.
आणि सर्वांत गमतीची गोष्ट ही. विजेवर केलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांत ५० आवर्तनांची गुणगुण अनेकदा मागे उरलेली असते. साफसफाई करणारा ती आधी पुसतो. जाणकार आधी ती मोजतो. ती ५० ऐवजी ५२ वर सापडली, तर फीत चार टक्के वेगाने वाजते आहे हे कळते. ग्रिडची वारंवारता क्षणोक्षणी किंचित हलते. ध्वनिमुद्रणातल्या गुणगुणीचा तो हेलकावा ग्रिडच्या नोंदींशी जुळवून मुद्रण कधी झाले हे ठरवण्याची पद्धत गुन्हे-अन्वेषणातही वापरली जाते. भारतात ग्रिडसंहितेने वारंवारतेसाठी ४९.९० ते ५०.०५ असा पट्टा ठरवला आहे. त्या पट्ट्यातली बारीक थरथर म्हणजे काळाचा हस्ताक्षरासारखा ठसा. कालची खरखर आजचा पुरावा होते, ती अशी.

२६.
एक आक्षेप येईल. कारखाना म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. कामाची घाई असते, डिस्प्ले नाचतो तेव्हा कामगार वैतागतो, सरासरी लावली तर बिघडले कुठे? आक्षेप रास्त आहे. कामगारासमोर शांत आकडा जरूर ठेवावा. पण त्याच्या मागे कच्ची नोंद जपावी, आणि आकडा ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर सरासरीची वाट न पाहता इशारा मिळावा. इतिहासातही असेच. वाचकाला सलग कथा द्यावी, पण टाकून दिलेली साक्ष तळटीपेत जिवंत ठेवावी. गाळलेले जपले तर गाळण्यात पाप नाही.

२७.
भिवपुरीच्या शेजारचाच दाखला घ्या. भिऱ्याला वीज देण्यासाठी मुळशीचे धरण बांधले जात होते, तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळच्या शेतकऱ्यांचा सत्याग्रह उभा राहिला. मुंबईच्या उद्योगविस्ताराची कथा सांगणाऱ्या अनेक लेखांत मेगावॉट येतात, साले येतात, पेल्टन चाके येतात. बुडालेल्या जमिनीवरचे माणूस आले तर ‘स्थानिक विरोध’ या दोन शब्दांत आटोपते. आलेख गुळगुळीत दिसावा म्हणून गाळलेली ती खरखर होती का? की पट्टा घसरत असल्याची खरी तक्रार? मी वीजगृहाच्या कर्तृत्वाला कमी लेखत नाही. पण दहा सेकंदांच्या सरासरीने टर्नरकाकांचा डोळा जाऊ शकत होता, तर शंभर वर्षांच्या सरासरीने काय काय गेले असेल, हा प्रश्न मला सोडवत नाही.

२८.
ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि महाराष्ट्र शासन यांच्यात करार झाला. त्यात शिरवटा येथे १८०० आणि भिवपुरी येथे १००० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांची योजना आहे. वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचे आणि गरजेला खाली सोडायचे, अशी ही रीत. सूर्य आणि वारा यांच्या चंचल विजेमुळे ग्रिडला बसणारे हेलकावे असे प्रकल्प सावरतात. म्हणजे शंभर वर्षांनी भिवपुरीकडे पुन्हा तेच काम येणार आहे: वेग सांभाळणे. तेव्हाच्या आणि आताच्या मोजणीच्या नोंदी शेजारी ठेवून वाचता आल्या तर केवढा इतिहास हाती लागेल!

२९.
पण नोंदी उरतील तर. आपल्याकडे कारखाना बंद पडला की यंत्रे भंगारात जातात आणि लॉगबुके रद्दीत. शिफ्टगणिक लिहिलेला वेग, भार, बेअरिंगचे तापमान आणि शेरा या रकान्यात पेन्सिलीने खरडलेले ‘आज आवाज वेगळा’ असे तीन शब्द. हे सारे आपण खरखर समजतो. माझ्या मते औद्योगिक महाराष्ट्राचा सर्वांत प्रामाणिक इतिहास त्या शेरा-रकान्यात आहे. स्मरणिकेतली छापील कथा ही दहा सेकंदांची सरासरी. लॉगबुक म्हणजे कच्चा स्पंद.

३०.
म्हणून हा धागा संपवताना एक विनंती. कर्जत, खोपोली, खालापूर, भिवपुरी परिसरात तुमच्या घरी कोणी टर्नर, फिटर, ऑपरेटर, वीजगृहातले निवृत्त कर्मचारी असतील, तर या दिवाळीत त्यांच्याजवळ तासभर बसा. त्यांच्या स्वतःच्या जुन्या वह्या असतील तर त्यांच्या परवानगीने पानांची छायाचित्रे काढून ठेवा. आठवणी परस्परविरोधी निघाल्या तर जुळवून घेण्याची घाई करू नका. दोन्ही लिहा, आणि कोण कोठून बोलत होते तेही लिहा. गाळायचे ते आपण नंतर गाळू. आमच्या टर्नरकाकांचा फुटका गॉगल मी मागून घेतला आहे. तो माझ्या टेबलावर, प्रबंधाच्या कागदांवर ठेवला आहे.